अमोनिया ओळखणारी हिरवी तार



थंडीच्या दिवसांत कोंबड्यांच्या शेडला रात्री पोत्यांचे पडदे सोडतात. पिलांना गारठा बाधू नये हा हेतू. पण सकाळी पडदा उचलून आत पाऊल टाकले की डोळे चुरचुरतात, नाकात झोंबते, घशाला खवखव सुटते. दहा-पंधरा मिनिटे आत काम केले की तो वास जाणवेनासा होतो आणि आपण समजतो, वास गेला. वास गेलेला नसतो. नाक सरावलेले असते.

हा वास अमोनियाचा. तो ओळखण्याचे काम आपण आजवर नाकावर सोपवले आहे, आणि नाक हा या कामी फार बेभरवशाचा गडी आहे. रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाला जो वास येत नाही, तोच पाहुणा म्हणून आलेल्याला दारातच जाणवतो. म्हणून नाकाऐवजी एखादी वस्तू हा वायू ओळखील का, याचा शोध शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे घेत आहेत. त्या शोधात एक नवलाची वस्तू हाती आली आहे. ती म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाची, केसाहून हजार पटींनी बारीक अशी हिरवी तार. आज तिची ओळख करून घेऊ, आणि ती आपल्या दारी येईपर्यंत आपण काय करायचे तेही पाहू.

अमोनिया येतो कुठून?

कोंबडीच्या विष्ठेत आणि जनावराच्या मुतात नत्र असते. ओल मिळाली की त्यावर सूक्ष्म जंतू काम करू लागतात आणि त्या नत्राचा अमोनिया होतो. म्हणून कोरड्या गादीला वास कमी आणि ओल्या गादीला जास्त. पाण्याचे भांडे गळते आहे, छप्पर ठिबकते आहे, त्याच जागी वास पहिला उठतो.

शेतातही हेच घडते. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नत्र आले. हा युरिया ओलसर जमिनीवर नुसता फोकून टाकला, तर जमिनीतले विकर त्याचा अमोनिया करते आणि त्यातला काही भाग हवेत उडून जातो. उन्हाचा ताव आणि चुनखडीची जमीन असेल तर नुकसान अधिक. आपल्याकडच्या पुष्कळ काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत, हे ध्यानात ठेवा. शेडमध्ये अमोनिया डोळे आणि छाती बिघडवतो, शेतात तो खिशाला भोक पाडतो. शेतात वास सहसा जाणवतही नाही. पैसे गेलेले कळतात ते पीक पिवळे दिसू लागल्यावर.

तिसरी जागा म्हणजे बर्फाचा कारखाना, शीतगृह आणि दूध थंड करण्याची मोठी केंद्रे. अशा अनेक ठिकाणी थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनियाच वापरतात. तिथे नळी फुटली तर काही मिनिटांत जिवावर बेतते.

किती म्हणजे जास्त?

वायू मोजताना शास्त्रज्ञ 'दहा लाखांत किती भाग' असा हिशेब धरतात. यालाच 'पीपीएम' म्हणतात. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. म्हणजे दहा लाख दाणे ४० किलोच्या पोत्यात बसले. त्या पोत्यात २५ खडे असले, तर ते झाले २५ पीपीएम. गहू निवडणाऱ्या भगिनींना वेगळे सांगायला नको की पोत्यात २५ खडे म्हणजे काहीच नाही. पण छातीचा हिशेब वेगळा आहे.

दिवसभर काम करणाऱ्या माणसासाठी २५ पीपीएम ही मर्यादा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने सांगितली आहे. थोड्या वेळापुरते, म्हणजे पंधरा मिनिटे, ३५ पर्यंत चालते. ३०० पीपीएम असेल तिथे जिवाला तत्काळ धोका आहे असे समजावे. कोंबड्यांसाठीही २५ हीच वरची मर्यादा धरण्याची पद्धत आहे. जितके कमी तितके बरे. कोंबडीच्या श्वासनलिकेत बारीक केसांसारखी लव असते. ती धूळ आणि जंतू बाहेर ढकलते. अमोनिया ती लव मारून टाकतो. मग राणीखेतीसारख्या रोगाला दार उघडे मिळते. डोळे सुजतात, पिले एका कोपऱ्यात डोळे मिटून बसतात, वजन भरत नाही. आपण औषधाला पैसे घालतो आणि मूळ कारण गादीत तसेच राहते.

आता प्रश्न असा की, शेडमध्ये १० पीपीएम आहे की ४०, हे कळावे कसे? पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घालून नेत. पक्षी मलूल झाला की माणसे बाहेर पळत. इंग्लंडच्या खाणींत ही रीत १९८६ पर्यंत चालू होती. आपल्या शेडमध्ये हे काम कोंबड्याच करतात, फक्त पिंजऱ्याबाहेर पळणारे कोणी नसते. ती मलूल होण्याआधी सांगणारे काही हवे.

वीज वाहणारे प्लॅस्टिक

प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, हे घरातले लहान मूलही जाणते. तारेवर प्लॅस्टिकचे आवरण त्यासाठीच असते. पण या समजुतीला तडा गेला तो जपानमधल्या एका चुकीमुळे. टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका प्रयोगात एक द्रव्य ठरल्यापेक्षा हजार पट जास्त पडले. काळ्या भुकटीऐवजी चंदेरी चकाकणारा पापुद्रा तयार झाला. पुढे शिराकावा, न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ॲलन मॅकडायर्मिड आणि अमेरिकेचे ॲलन हीगर या तिघांनी अशा पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली. त्यातून वीज वाहण्याची शक्ती कोटी पटींच्या घरात वाढली. हे वर्ष १९७७. या कामासाठी तिघांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वीज वाहणाऱ्या अशा पदार्थांत आपल्या कामाचा आहे तो 'पॉलिॲनिलीन'. नाव परके वाटते, पण त्याचे मूळ आपल्याकडचे आहे. आपली नीळ अरबांकडे गेली, तिथे ती 'अल-नील' झाली, पोर्तुगीजांच्या तोंडी 'अनिल' झाली. १८४० च्या सुमारास युरोपात नीळ तापवून तिच्यापासून एक तेलकट द्रव काढला, त्याला 'ॲनिलीन' म्हटले. या ॲनिलीनचे पुष्कळ कण साखळीसारखे एकमेकांत गुंफले की पॉलिॲनिलीन होते. कापडाला काळा रंग देण्यासाठी त्याच्या जातीची द्रव्ये एकोणिसाव्या शतकापासून वापरात होती. ती वीज वाहू शकतात, याकडे मात्र जगाचे लक्ष फार उशिरा गेले.

हळद आणि चुना

ही वस्तू अमोनिया ओळखते कशी, हे समजायला स्वयंपाकघरात चला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीला चुन्याची संगत लागली की कुंकवाचा रंग येतो, हे तर घराघरांत ठाऊक आहे. साबण आणि चुना हे अल्कली, लिंबू हे आम्ल. हळद या दोघांत रंग बदलते.

पॉलिॲनिलीनचेही तसेच आहे. आम्लाची संगत असेल तोवर ते हिरवे असते आणि वीज वाहते. आम्लातून त्याला हायड्रोजनचे बारीक धन-कण मिळालेले असतात आणि त्यांच्या जोरावर साखळीतून वीज सरकते. विहिरीच्या कामावर मातीच्या पाट्या हातोहात देणारी माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. रांग पुरी असेल तर पाटी सरसर पुढे जाते. अमोनिया हा अल्कली. तो जवळ आला की आम्लाने दिलेले हे कण तो ओढून घेतो. रांगेतली माणसे कमी होतात, पाटी अडकते. वीज वाहणे मंदावते. अमोनिया पुष्कळ असेल तर हिरवा रंग निळा होतो आणि वीज जवळजवळ बंद पडते. हवा शुद्ध झाली की अमोनिया सुटून जातो, कण परत येतात, रंग पुन्हा हिरवा.

म्हणजे काम सोपे झाले. त्या पदार्थातून थोडी वीज सोडायची आणि ती किती अडते ते मोजायचे. जितका अडथळा जास्त तितका अमोनिया जास्त. काट्यावर आकडा वाचता येतो. नाकाचे थकणे नाही, सरावणे नाही.

तार इतकी बारीक कशासाठी?

पहिल्या प्रयोगांत पॉलिॲनिलीनचा जाडसर थर वापरत. तो चाले, पण संथ. कडब्याची पेंढी पावसात ठेवली तर वरची ताटे भिजतात, आतली कोरडी राहतात. तीच ताटे सुटी पसरली की प्रत्येक ताट लगेच भिजते. वायूचेही असेच. जाड थराच्या पोटात शिरायला त्याला वेळ लागतो. धागे सुटे आणि बारीक असतील तर वायू सगळीकडे एकदम पोचतो, आणि परततोही लवकर.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एका भागाला 'नॅनोमीटर' म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत रिचर्ड केनर आणि जियाशिंग हुआंग यांनी २००३ साली पॉलिॲनिलीनचे धागे करण्याची सोपी रीत दाखवली. धाग्यांची जाडी ३० ते ५० नॅनोमीटर. असे हजार-दीड हजार धागे शेजारी शेजारी ठेवावेत तेव्हा माणसाच्या केसाएवढी जाडी भरेल. रीत अशी, की दोन न मिसळणारे द्रव एका भांड्यात घ्यायचे, समईत पाणी आणि तेल वेगवेगळे राहते तसे. एकात ॲनिलीन विरघळवलेले, दुसऱ्यात आम्लाचे पाणी आणि ॲनिलीनची साखळी जोडणारे द्रव्य. दोघांची गाठ पडते त्या सीमेवर काही मिनिटांत हिरवे धागे उगवतात आणि पाण्याच्या थरात पसरतात. त्या धाग्यांचा लेप सोन्याच्या बारीक पट्ट्यांवर देतात. दोन फण्या दातांत दात घालून ठेवाव्यात तशा त्या पट्ट्या असतात. एका फणीतून दुसऱ्या फणीत वीज जायची ती धाग्यांमधूनच.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हॅरोल्ड क्रेगहेड यांच्या गटाने अशी एकच तार वापरून अर्धा पीपीएम इतका अमोनिया ओळखला. आपल्या हिशेबाने गव्हाच्या दोन पोत्यांत एक खडा. एवढी नजर कोणाच्या निवडण्याला नाही.

हे काम परदेशातच चालते असे समजू नका. सोलापूर विद्यापीठात पॉलिॲनिलीनच्या पातळ थरांवर अमोनिया ओळखण्याचे संशोधन झाले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले संशोधकही वीजवाहक पॉलिमरच्या तारांनी वायू ओळखण्याच्या कामात आहेत. इंडोनेशियात २०१२ साली संशोधकांनी पॉलिॲनिलीनची पट्टी मासळीच्या वेष्टनात लावून पाहिली. मासळी नासू लागली की तिच्यातून अमोनियाच्या जातीचे वायू निघतात आणि पट्टी हिरव्याची निळी होते. कोकणातल्या वाचकांना याचे मोल कळेल.

मग बाजारात का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. आज बाजारात अमोनिया मोजण्याची जी यंत्रे मिळतात, ती बहुतेक दुसऱ्या पद्धतींवर चालतात. नॅनोतारेचे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. कारणे तीन. एक, हवेतली ओल. पावसाळी हवेने या तारेचा आकडा बदलतो, आणि ओल व अमोनिया यांत फरक करणे सोपे नसते. दोन, तारेतले आम्ल हळूहळू उडते आणि तार म्हातारी होते. मग तिला वरचेवर तपासून घ्यावे लागते. तीन, अमोनियाच्या भाऊबंदांनाही ती तसाच प्रतिसाद देते, म्हणजे नेमका कोणता वायू आला हे एकटी तार सांगत नाही. शेडमध्ये तर ओल, धूळ आणि उष्मा हे तिन्ही शत्रू एकत्र नांदतात. उद्या कोणी 'नॅनो' असे नाव सांगून महागडे यंत्र दारात आणले, तर हे तीन प्रश्न त्याला अवश्य विचारा. पावसाळ्यात आकडा बरोबर येतो का? किती महिन्यांनी तपासायचे? आणि तपासून कोण देणार?

एक इशारा

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. गोबर गॅसची टाकी, मळीचा खड्डा, गटाराचे कुंड आणि जुनी विहीर यांत मारणारा वायू सहसा अमोनिया नसतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डाय-ऑक्साइड असतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण तो जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे हवा चांगली, असे समजून उतरणारा माणूस परत येत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊही येत नाही.

साधी पॉलिॲनिलीनची तार या वायूला फारशी दाद देत नाही. केनर यांच्याच गटाने २००५ साली तिच्यात तांब्याचा क्षार मिसळून पाहिला. हायड्रोजन सल्फाइड आणि तो क्षार यांची गाठ पडली की आम्ल तयार होते. आम्ल मिळाले की तार जास्त वीज वाहते. अमोनियाच्या वेळी वीज घटते, इथे वाढते. उपाय सुंदर आहे, पण आपल्या टाकीपाशी तो अजून पोचलेला नाही. म्हणून नियम एकच. टाकीत किंवा खड्ड्यात तपासणीशिवाय कोणीही उतरू नये. एक जण आत बेशुद्ध पडला तर दुसऱ्याने मागे उडी घेऊ नये, मदत बोलवावी. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढेच सांगते. विषारी वायू ती सांगत नाही. आणि गोबर गॅसच्या टाकीत ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला बोलावणे.

आज आपल्या हाती काय?

शेडसाठी. पडदे रात्री सोडा, पण वरच्या बाजूला हातभर जागा मोकळी ठेवा. अमोनिया हवेहून हलका असतो, त्याला वरून वाट हवी. वास पाहायचा तर उभ्याने पाहू नका. बाहेरच्या मोकळ्या हवेतून आत जाऊन पिलांच्या उंचीवर वाका, कारण वायू गादीतून उठतो आणि पिलू तिथेच श्वास घेते. ओली झालेली गादी काढून तिथे कोरडे तूस टाका, गादी वरचेवर हलवा, गळकी भांडी त्याच दिवशी दुरुस्त करा. लिटमस कागद मिळाला तर तांबडा कागद शुद्ध पाण्याने ओला करून शेडमध्ये धरा. तो झपाट्याने निळा झाला तर हवा बदलायची वेळ झाली आहे. शेड झाडण्याचे काम बहुधा घरातल्या बायका आणि मुले करतात. आधी पडदे उघडून अर्धा तास हवा खेळू द्या आणि मगच त्यांना आत पाठवा. दम्याचे माणूस असेल तर हे काम त्याला देऊच नका.

गोठ्यासाठी. मूत साचू देऊ नका. नालीला उतार ठेवा आणि मूत शेणखताच्या खड्ड्यात न्या. खतावर मातीचा थर द्या. नत्र खतात राहील आणि गोठ्यात वास राहणार नाही. युरिया प्रक्रिया केलेल्या चाऱ्याचा ढीग तीन आठवड्यांनी उघडताना लहान मुलांना दूर ठेवा. काढलेला चारा थोडा वेळ हवेवर पसरा, वास गेला की मग जनावरांपुढे टाका.

शेतासाठी. युरियाचे वरखत वाफसा असताना द्या आणि कोळप्याने लगेच मातीआड करा, किंवा मागून हलके पाणी द्या. भाताच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधोमध खताची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. मातीआड गेलेले नत्र मुळांना मिळते, उघड्यावर पडलेले वाऱ्याला. युरिया किंवा अमोनियम सल्फेट चुन्यात कधी मिसळू नका.

आणि बर्फाच्या कारखान्याजवळ किंवा शीतगृहाजवळ राहणाऱ्यांसाठी. अमोनिया सुटल्याचे कळले की ओला कपडा नाकातोंडावर धरा. तो पाण्यात फार लवकर विरघळतो, म्हणून ओला कपडा उपयोगी पडतो. वारा वाहतो त्या दिशेने पळू नका, आडव्या बाजूने निघून जा. डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि मग दवाखाना गाठा.

हिरवी तार येईल तेव्हा येईल. ती आली तरी सांगेल एवढेच, की हवा बिघडली आहे. पडदा उचलायला, गादी पालटायला आणि युरिया मातीत घालायला हात आपलेच लागणार आहेत.